ग्रंथांचे विस्मरण आणि इतिहासकार

१

वाचलेला ग्रंथ काही काळाने आठवेनासा होतो, हा अनुभव ग्रंथवाचनाइतकाच जुना आहे. ज्या ग्रंथावर महिना दोन महिने खर्च केले, त्याच्या कर्त्याचे नाव, प्रतिपादनाचा सर्वसाधारण रोख आणि एखाददुसरा प्रसंग तेवढा ध्यानात राहतो. प्रकरणांचा क्रम, सन, आकडे, आधारासाठी दिलेली प्रमाणे हे सर्व हळूहळू गळून जाते. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यास याची खंत वाटते, तर अध्यापकास ते बोलून दाखविण्याचा संकोच वाटतो. हे विस्मरण व्यासंगातील उणीव समजावी, की व्यासंगाचेच एक अपरिहार्य अंग समजावे, हा प्रश्न सामान्यतः मानसशास्त्राच्या स्वाधीन केला जातो. परंतु इतिहासलेखनाच्या इतिहासातही त्याचे काही उत्तर सापडण्यासारखे आहे.

विसाव्या शतकात काही थोर इतिहासकारांवर असा प्रसंग आला की, आयुष्यभर वाचलेले ग्रंथ आणि जमविलेली टिपणे दूर राहिली आणि केवळ स्मरणाच्या बळावर लिहावे लागले. युद्ध, परचक्र आणि कारावास यांनी घडवून आणलेली ही एक प्रकारची परीक्षाच होती. त्या परीक्षेत काय टिकले, काय नष्ट झाले आणि जे नष्ट झाले त्याची जाणीव लेखकाने कशी राखली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

विस्मरणाची खंत सर्व काळी सारख्या स्वरूपात आढळत नाही. ज्या विद्यापरंपरेत थोडे ग्रंथ पुनःपुन्हा म्हटले जातात, तिच्यात विसरणे हा दोष ठरतो. कारण तेथे जाणणे आणि मुखोद्गत असणे यांत फारसे अंतर मानलेले नसते. वैदिकांनी पद, क्रम, जटा, घन अशा पाठपद्धती निर्माण केल्या, त्या याच निष्ठेतून. शब्द उलटसुलट क्रमाने म्हटल्यामुळे एखादा वर्णही इकडचा तिकडे होऊ नये, अशी ती व्यवस्था होती. पुस्तकात राहिलेली विद्या आणि परक्याच्या हाती गेलेले धन ऐन वेळी निरुपयोगी ठरते, हा संस्कृत सुभाषितांतील विचार त्याच परंपरेतला. महाराष्ट्रातील कीर्तनकारांनी बाडे बाळगली, तीसुद्धा स्मरणाला पर्याय म्हणून नव्हे, तर स्मरणाला आधार म्हणून.

मुद्रणकलेने ही स्थिती पालटली. ग्रंथांची संख्या वाढली, एका व्यक्तीने आयुष्यात वाचावयाचे ग्रंथ शेकड्यांनी मोजावे लागले आणि मुखोद्गत विद्येचे माप या नव्या वाचनास लावणे अशक्य झाले. सोळाव्या शतकातील फ्रेंच निबंधकार मिशेल द मोंतेन्य याचा अनुभव या संक्रमणाचा नमुना म्हणून घेता येईल. आपल्या निबंधांच्या १५८० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या खंडात ग्रंथांविषयी लिहिताना तो निःसंकोचपणे सांगतो की, काही वर्षांपूर्वी बारकाईने वाचलेले आणि स्वतःच्या टिपांनी भरलेले पुस्तक आपण नवे समजून पुन्हा हाती घेतल्याचे प्रसंग आले आहेत. यावर त्याने एक उपाय योजिला. जो ग्रंथ एकदाच वाचावयाचा, त्याच्या शेवटी वाचन पुरे झाल्याची तारीख लिहावयाची आणि त्या ग्रंथासंबंधी व ग्रंथकर्त्यासंबंधी झालेले मत थोडक्यात नोंदवावयाचे. फ्लॉरेन्सचा इतिहासकार ग्विच्चार्दिनी याच्याविषयी सुमारे दहा वर्षांपूर्वी केलेली अशी नोंद त्याने त्याच निबंधात उतरून दिली आहे.

या उपायातील विशेष असा की, त्यात ग्रंथाचा मजकूर राखण्याचा प्रयत्नच नाही. मजकूर ग्रंथात आहे आणि ग्रंथ कपाटात आहे. हरवण्याची भीती आहे ती वाचकाच्या निर्णयाची, आणि तेवढाच मोंतेन्यने लिहून ठेविला. मात्र त्याच निबंधातील आणखी एक कबुली अभ्यासकाने दृष्टिआड करू नये. इतरांकडून घेतलेले विचार मूळ कोठले, हे केवळ स्मरणाच्या साहाय्याने आपणास निवडून काढता येत नाही, असेही तो म्हणतो. निबंधकाराला ही उणीव शोभून गेली. इतिहासकाराला ती शोभणारी नाही; कारण त्याच्या विधानाचे मोल त्या विधानाच्या उगमावर अवलंबून असते.

३

विस्मरणाचे शास्त्रीय मापन प्रथम हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने केले. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या स्मृतिविषयक ग्रंथात त्याने स्वतःवरच केलेल्या प्रयोगांचे फलित मांडले. निरर्थक वर्णसमूह पाठ करावयाचे, काही काळ जाऊ द्यावयाचा आणि तेच पुन्हा पाठ करताना पहिल्यापेक्षा किती श्रम वाचतात ते मोजावयाचे, अशी त्याची रीत होती. एका तासानंतर ही बचत सुमारे ४४ टक्के भरली, एका दिवसानंतर सुमारे ३४ टक्के आणि ३१ दिवसांनंतर सुमारे २१ टक्के. विस्मरण आरंभी अतिशय वेगाने होते आणि पुढे मंदावते, हा त्याचा निष्कर्ष तेव्हापासून मान्यता पावला आहे.

परंतु ग्रंथ म्हणजे निरर्थक वर्णांची माळ नव्हे. अर्थपूर्ण मजकुराचे काय होते, याचा विचार केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केला. उत्तर अमेरिकेच्या आदिवासींतील एक लोककथा त्यांनी इंग्रज वाचकांना वाचावयास दिली आणि वेगवेगळ्या काळाने ती पुन्हा लिहावयास सांगितली. कथा संक्षिप्त होत गेली, एवढेच घडले नाही. अपरिचित तपशील गळाले आणि त्यांच्या जागी परिचित तपशील आले. मूळ कथेतील आदिवासींच्या लहान नावा साध्या होड्या बनल्या. सीलची शिकार मासेमारी झाली. जेथे मूळ कथेत कार्यकारणाचा दुवा नव्हता, तेथे वाचकांनी तो घातला. आणि आपण काही नवे घालीत आहो, याची कल्पना त्यांना बहुधा नसे.

इतिहासाच्या अभ्यासकाला या दोन शोधांपैकी दुसरा अधिक महत्त्वाचा वाटावयास हवा. एबिंगहाउसचे विस्मरण म्हणजे उणे होणे. बार्टलेटचे विस्मरण म्हणजे बदलणे. उणे झालेले जाणवते. बदललेले जाणवत नाही. जो सन आठवत नाही, तो शोधला जातो. जो चुकीचा आठवतो, तो तसाच छापला जातो.

४

आता ज्यांना ही परीक्षा प्रत्यक्ष द्यावी लागली, त्यांच्याकडे वळावे. बेल्जियममधील घेंट विद्यापीठाचे प्राध्यापक हेन्री पिरेन हे पहिल्या महायुद्धाच्या काळी मध्ययुगीन इतिहासाचे मान्यवर पंडित होते. त्यांच्या 'बेल्जियमचा इतिहास' या ग्रंथाचा पहिला खंड १९०० साली निघाला होता. जर्मनांनी बेल्जियम व्यापल्यावर विद्यापीठ आपल्या धोरणानुसार पुन्हा सुरू करण्याचा घाट घातला. पिरेन व त्यांचे सहकारी पाउल फ्रेडरिक यांनी त्यास साहाय्य करण्याचे नाकारले. १८ मार्च १९१६ रोजी पिरेन यांना अटक होऊन जर्मनीत नेण्यात आले. होल्त्समिंडेन येथील छावणीत त्यांनी रशियन विद्यार्थ्यांपुढे आर्थिक इतिहासावर व्याख्याने दिली आणि त्यांच्याकडून रशियन भाषा शिकून घेतली. पुढे थुरिंजियातील क्रॉइत्सबुर्ग या लहानशा गावी त्यांना नजरकैदेत ठेवले. तेथे त्यांनी 'युरोपचा इतिहास' लिहावयास घेतला.

ग्रंथसंग्रह व टिपणे घेंटला राहिली होती. लेखनासाठी आधार होता तो तीसएक वर्षांच्या अध्ययनाने मनात स्थिर झालेल्या ज्ञानाचा. रोमन साम्राज्याच्या विघटनापासून आरंभ करून ते सोळाव्या शतकापर्यंत आले, तो १९१८ साली युद्ध संपले आणि लेखन थांबले. पिरेन १९३५ साली वारले. हा ग्रंथ त्यांचे पुत्र जाक पिरेन यांनी १९३६ साली प्रसिद्ध केला. ज्या सनांविषयी वडिलांना खात्री नव्हती, ते सन पुत्राने कंसात घालून दिले.

हे कंस या ग्रंथाचे सर्वांत बोलके अंग आहेत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. इतक्या प्रदीर्घ कालखंडाचा इतिहास लिहिताना पिरेन यांचा मुख्य सांधा कोठे तुटला नाही. व्यापाराचा संकोच व विस्तार, नगरांचा उदय, जमिनीवरील सत्तेचे स्वरूप, ही प्रतिपादनाची सूत्रे त्यांना शोधावी लागली नाहीत. कारण ती कोणा एका ग्रंथातून उचललेली नव्हती, तर अनेक ग्रंथांना त्यांनी विचारलेल्या प्रश्नांतून निघाली होती. स्मरणाने साथ सोडली ती सनांच्या जागी. त्या जागा कळून आल्या आणि कंस घालून त्या भरता आल्या, याचे श्रेय पित्याच्या सावधपणास जितके, तितकेच पुत्राच्या प्रामाणिकपणास आहे. वाचकापासून जोड लपविणे जाक पिरेन यांना अवघड नव्हते. त्यांनी ते केले नाही.

५

दुसऱ्या महायुद्धातील फेर्नां ब्रोदेल यांचे उदाहरण याहून अधिक परिचित असले, तरी ते जितके सरळ समजले जाते तितके ते नाही. दुसऱ्या फिलिपच्या काळातील भूमध्य सागर हा विषय ब्रोदेल यांच्या मनात १९२० नंतरच्या दशकापासून होता. स्पेनमधील सिमांकास येथील दप्तरखान्यापासून आरंभ करून त्यांनी अनेक ठिकाणची कागदपत्रे पाहिली होती. नक्कल करण्याचे श्रम वाचविण्यासाठी ते चित्रपट छायाचित्रकाराचे यंत्र वापरीत आणि दिवसाकाठी दोन तीन हजार पृष्ठांची छायाचित्रे घेत. म्हणजे १९४० साली जर्मनांच्या हाती सापडण्यापूर्वी त्यांच्यापाशी तपशिलांची वाण नव्हती. झाली असेल तर अतिवृष्टीच झाली होती.

प्रथम माइंझ आणि १९४२ नंतर ल्यूबेक येथील छावणीत त्यांनी शाळकरी वह्यांत ग्रंथ लिहून काढिला व त्या वह्या ते ल्यूसियां फेव्र यांजकडे धाडीत राहिले. माइंझ येथे काही जर्मन ग्रंथ त्यांना पाहावयास मिळत. मूळ कागदांची टिपणे मात्र जवळ नव्हती. आपण बंदिवासात नसतो तर अगदी निराळा ग्रंथ लिहिला असता, असे ब्रोदेल यांनी पुढे १९७२ साली स्वतःच्या घडणीविषयी लिहिताना म्हटले आहे. छावणीत येऊन धडकणाऱ्या युद्धवार्तांपासून मनाने दूर जाण्याची त्यांना गरज वाटली आणि घटनांच्या मागील संथ काळाकडे त्यांची दृष्टी वळली. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भूगोलाचा जवळजवळ अचल काळ, समाजाचा मंदगती काळ आणि राजकीय घटनांचा क्षणिक काळ अशी जी त्रिविध मांडणी दिसते, तिची पार्श्वभूमी ही आहे.

यावरून तपशील विसरल्यामुळे थोर इतिहास लिहिला जातो, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु तो खरा नाही. छावणीतील वह्या म्हणजे प्रसिद्ध झालेला ग्रंथ नव्हे. १९४७ साली प्रबंधाची परीक्षा झाली आणि त्यानंतर ग्रंथ निघाला. त्यातील विपुल तळटीपा कागदपत्रांशी पुन्हा गाठ घालून दिल्याखेरीज सिद्ध होणाऱ्या नव्हत्या. विस्मरणाने त्यांना आकृती पाहू दिली. त्या आकृतीला प्रमाण प्राप्त करून दिले ते दप्तरांनी.

त्याच काळी मार्क ब्लोख हे फ्रान्समध्ये इतिहासाच्या स्वरूपाविषयी लिहीत होते. मोठ्या ग्रंथालयापर्यंत पोहोचणे अशक्य झाले होते आणि स्वतःचे ग्रंथही गेले होते. म्हणून आपणास टिपणांवर आणि अनुभवावर फार विसंबावे लागत आहे, हे त्यांनी स्वतःच वाचकांस सांगून टाकिले. १६ जून १९४४ रोजी जर्मनांनी त्यांना गोळ्या घातल्या. अपुरा राहिलेला हा ग्रंथ १९४९ साली प्रसिद्ध झाला. त्यांची ती सूचना म्हणजे पिरेन यांच्या ग्रंथातील कंसांचेच दुसरे रूप होय.

६

भारतीय कारागृहांतही अशी ग्रंथनिर्मिती झाली आहे. पंडित जवाहरलाल नेहरू यांनी १९३० ते १९३३ या काळात निरनिराळ्या तुरुंगांतून कन्येस लिहिलेली जगाच्या इतिहासावरील पत्रे १९३४ साली ग्रंथरूपाने निघाली. तुरुंगात ग्रंथ येत आणि जात; ते जवळ ठेविता येत नसत. नेहरूंनी या अडचणीवर जो उपाय केला, तो त्यांनी प्रस्तावनेत सांगितला आहे. वाचलेल्या पुस्तकांची टिपणे करण्याची सवय त्यांनी कारावासाच्या आरंभापासूनच लावून घेतली होती, आणि पत्रे लिहिताना याच वह्या उपयोगी पडल्या. तरीही संदर्भग्रंथांचा अभाव जाणवला आणि त्यामुळे काही ठिकाणी कथन घाईने उरकावे लागले, काही कालखंड गाळावे लागले, हेही त्यांनी तेथेच नमूद केले आहे. पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात १९४४ साली एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिताना त्यांना निराळे साहाय्य लाभले. मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, नरेंद्र देव, असफ अली यांसारखे विद्वान सहबंदी त्यांच्यासोबत होते आणि नेहरूंनी त्यांचे ऋण मान्य केले आहे. ग्रंथ नसले, तरी ग्रंथ वाचलेली माणसे होती.

लोकमान्य टिळकांच्या 'गीतारहस्या'ची कथा या मालिकेत थोडी वेगळी आहे. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात हा ग्रंथ लिहिला गेला, तेव्हा ग्रंथ अजिबात नव्हते असे नाही. पुण्याहून ते मागविले जात. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ग्रंथाच्या जन्माच्या बरीच आधीची आहे. १८७२ साली वडिलांच्या अखेरच्या दुखण्यात त्यांना गीतेवरील एक प्राकृत टीका वाचून दाखविताना गीतेशी टिळकांचा परिचय झाला. नंतर अनेक टीका वाचूनही शंकेचे समाधान होईना, तेव्हा सर्व टीका बाजूस सारून केवळ गीतेचीच स्वतंत्रपणे पारायणे केल्याचे त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. हे अजाणता झालेले विस्मरण नव्हे, तर बुद्धिपुरस्सर केलेले विस्मरण म्हणावे लागेल. परंतु ग्रंथ लिहिताना बाजूस सारलेल्या त्याच टीका नावानिशी पुन्हा समोर आणून त्यांचे खंडनमंडन केलेले आहे. बाजूस सारणे हे विचारासाठी होते. प्रमाणासाठी परत जाणे त्यांनी टाळले नाही.

१९१४ साली सुटका झाल्यावर हस्तलिखित काही काळ सरकारच्या ताब्यात राहिले. वह्या सरकारपाशी असल्या तरी ग्रंथ आपल्या डोक्यात आहे, सिंहगडावर बसून तो पुन्हा लिहून काढू, असे टिळक म्हणाल्याची आठवण प्रसिद्ध आहे. वह्या परत मिळाल्या आणि १९१५ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या उद्गारात आत्मविश्वास जसा आहे, तसे स्मरणाविषयीचे एक सत्यही आहे. दुसऱ्याचा ग्रंथ वाचून विसरतो तितक्या सहज मनुष्य स्वतः उभारलेली विचारपरंपरा विसरत नाही.

७

येथपर्यंतच्या विवेचनावरून विस्मरणाचे तीन थर वेगळे करता येतात. पहिला थर सन, आकडे व शब्द यांचा. तो सर्वांत लवकर जातो, पण सर्वांत सहज भरून निघतो. पिरेन यांच्या ग्रंथात त्यासाठी कंस पुरले. दुसरा थर प्रतिपादनाचा. वाचकाने ग्रंथ स्वतःच्या प्रश्नासाठी वाचला असेल, तर हा थर दीर्घकाळ टिकतो. केवळ परीक्षेसाठी वाचला असेल, तर पहिल्या थराबरोबर तोही जातो. तिसरा थर उगमाचा, म्हणजे अमुक विचार कोणाचा आणि अमुक वार्ता कोठली याचा. हा थर जातो तेव्हा आवाज होत नाही. विचार मनात राहतो, त्याचा धनी विसरला जातो आणि काही वर्षांनी तो आपलाच विचार म्हणून लेखणीतून उतरतो. ज्यास वाङ्मयचौर्य म्हणतात, त्यातील काही भाग अप्रामाणिकपणाचा नसून या तिसऱ्या विस्मरणाचा असतो. ज्याचा विचार घेतला, त्याची हानी मात्र दोन्ही प्रकारांत सारखीच होते.

दुसऱ्या थराविषयीही एक सावधगिरी आवश्यक आहे. तपशील गळून जी आकृती मागे उरते, ती खरीच असते असे नाही. इस्लामच्या प्रसारामुळे भूमध्य समुद्राभोवतीच्या जगाची एकता भंगली आणि पश्चिम युरोप एकाकी पडला, हा पिरेन यांचा सिद्धांत बंदिवासातील ग्रंथातही दिसतो. १९२२ सालच्या लेखात त्यांनी तो मांडला आणि मृत्यूनंतर १९३७ साली निघालेल्या 'महंमद आणि शार्लमेन' या ग्रंथात त्याचा विस्तार झाला. सिद्धांत इतका सुघटित होता की, तो एकदा वाचल्यावर विसरणे कठीण. परंतु पुढील संशोधनाने त्यास अनेक बाजूंनी हादरे दिले. रिचर्ड हॉजेस व डेव्हिड व्हाइटहाउस यांनी १९८३ साली पुरातत्त्वीय पुराव्याच्या आधारे दाखविले की, भूमध्य प्रदेशातील व्यापाराची उतरती कळा अरबांच्या विजयांपूर्वीच लागली होती. खापरे, नाणी आणि वस्तीचे थर यांच्या तपशिलाने एका भव्य आकृतीस आव्हान दिले. स्मरण आकृती राखते. ती तपासण्याचे साधन मात्र जे आपण विसरतो त्यातच असते.

म्हणून वाचलेले विसरले जाते याची लाज बाळगण्याचे कारण नाही. काय विसरले आहे हे ओळखता न येणे ही मात्र खरी हानी आहे. मोंतेन्यची तारीखवार नोंद, नेहरूंच्या वह्या, ब्लोख यांची वाचकांस दिलेली सूचना आणि जाक पिरेन यांचे कंस ही सर्व ती हानी टाळण्याची साधने आहेत. संशोधक विद्यार्थ्याने ग्रंथ मिटण्यापूर्वी तो कोणत्या प्रश्नासाठी वाचला, त्याविषयी आपले मत काय झाले आणि घेतलेली गोष्ट कोणत्या पृष्ठावरील आहे, एवढे लिहून ठेवावे. उरलेले विसरले तरी ग्रंथालयात परत जाता येते. लिहिताना मात्र ज्या ठिकाणी स्मरण डगमगते, तेथे अंदाजाने सन घालण्यापेक्षा कंस रिकामा ठेवणे श्रेयस्कर. तो भरण्याचे काम पुढे स्वतःला, अथवा मागून येणाऱ्या कोणाला तरी, करता येते.